पोकळ अनुस्वार

नवतपा लागला त्या दिवशी
अजनीहून एक बाई छत्री घेऊन आल्या,
गड्डीगोदामातल्या माझ्या दुकानात.
रेल्वेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त.
"पाटी हवी. दोन्ही लिप्यांत. घाई नाही,"
म्हणाल्या, आणि बाकावर बसून राहिल्या
घाई असल्यासारख्या.

वहीच्या पानावर नाव लिहून आणलेलं: डल्सी नायगार्ड.
इंग्रजीतल्या ए-च्या डोक्यावर एक बारीक गोल.
मी म्हटलं, हा अनुस्वार पोकळ काऊन हाये?
त्या हसल्या नाहीत. चष्मा पुसला.

नॉर्वेत, खाडीकाठी, उतारावरचं शेत.
सहा गायी, दगडांचा बांध,
हिवाळ्यात दुपारी तीनलाच कंदील.
तिथे आडनाव माणसाचं नसे, जमिनीचं असे.
शेत बदललं की नाव बदले,
सख्खे भाऊ दोन, आडनावं दोन.
(आपलं उलटं, मी मनात म्हटलं.
गाव सुटून चार पिढ्या होतात, 'कर' सुटत नाही.)

शेत थोरल्याला गेलं. बाकी तिघांना नुसतं नाव.
एक मिनेसोटाला पोचला,
तिथल्या कारकुनाने अर्ध्याचं भाषांतर करून टाकलं: न्यूगार्ड.
एक देवमाशांच्या बोटीवरून दरबानला उतरला,
परत चढलाच नाही.
धाकटा एलिंग, बॉयलरचा मिस्त्री,
कलकत्त्यात तापाने पडला. बोट निघून गेली.
उठून बसला तेव्हा
बंगाल नागपूर रेल्वेला फिटर हवे होते.

मोतीबागच्या शेडमध्ये मुकादम हजेरी घ्यायचा:
"नाई गार्ड!"
खलाशी विचारायचे, गार्ड नाई त मंग कोन हाये?
इंजिनाच्या पोटाखालून उत्तर यायचं, "फिटर!"
एवढ्या भाषेवर पणजोबाने चार वर्षं काढली,
मग कामठीच्या बँडवाल्याच्या मुलीशी लग्न केलं
आणि उरलेली भाषा तिने शिकवली.

"भाचे पर्थला आहेत," बाई म्हणाल्या,
"त्यांनी नाव कापून नुसतं 'नाय' ठेवलंय."
आता मात्र हसल्या. "नाय! म्हणजे संपलंच की."

मग हा गोल?
"हा नंतरचा. एलिंग निघाला तेव्हा दोन ए लिहीत, जोडून.
तो गेल्यावर तिकडे लेखन सुधारलं,
दोनाचा एक केला, वर गोल दिला.
गेल्या महिन्यात कुण्या लांबच्या बहिणीचं पत्र आलं, गोलासकट.
मला कळेना, चुकलंय कोण."

मी तारपिनच्या बाटलीचं झाकण घेतलं,
निळ्या रंगात बुडवून भिंतीवर उठवलं,
गोल जमतो का पाहायला.
सहज विचारलं, अर्थ काय याचा?
"न्यू म्हणजे नवं. गोर म्हणजे घर, वाडी, आवार.
शेवटचा ड लिहायचा, बोलायचा नाही."

ब्रश थांबला.
बाई, मी नवघरे.
उमरेडकडचे आम्ही. ते नवं घर कुठं होतं,
कुणी बांधलं, माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं.
तीस वर्षं लोकांची नावं रंगवतो,
भाड्याच्या खोलीवर माझी पाटी नाही.

हजेरीत एकच नाव दोनदा आल्यावर
मास्तरणीने वर पाहावं,
तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
बराच वेळ.
मग पन्नास रुपये कमी करा म्हणाल्या.
मी केले नाहीत. तीस केले.

"दोन ए लिहा," जाताना सांगितलं,
"तो घेऊन निघाला तेच.
आणि मराठीत नायगार्ड.
इथे हाक मारतात तसं."

पाटी गेली. उन्हात तासाभरात वाळली होती.
तो निळा गोल अजून भिंतीवर आहे,
खाली अक्षर नाही.
गिऱ्हाईक विचारतं, हे कायचं?
मी म्हणतो, हात नका लावू,
वाळू द्या.