एकोणीस सेंटिमीटरवर

अंजनेरीच्या मागच्या अंगाला, जिथे डांबर संपतं
आणि मोबाइलची रेंज एका दांडीवर येते,
तिथल्या तळ्याला नाव नाही.
हिरामण लहांगे म्हणतो, नुसतं तळं म्हणा, दुसरं हाय कुठं.

ट्रकच्या दोन ट्यूब, वर बांबूची तट्टी,
तिच्यावर आम्ही तिघं आणि उभा धरलेला पाइप.
दाबत गेलो. एक मीटर बेचाळीसवर खडक लागला.
हिरामणनं पाण्याला हात लावून कपाळाला लावला.
मी वहीत वेळ लिहिली. अकरा चाळीस.

आता तो चिखल गंगापूर रोडवर आहे,
प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, चहाच्या दुधाखालच्या कप्प्यात.
रोज एक सेंटिमीटर कापते.
आधी ॲसिड, मग चाळणी.
दगड विरघळतो, परागकण तसाच राहतो.
जांभळाचा तिकोनी. गवताचा गोल, एका भोकाचा.
कारवीचा सापडला की त्या दिवशी चहा मी पाजते.
नेच्याचे बीजाणू वाढले तर समजायचं,
तेव्हा डोंगरावर धुकं दिवाळीपर्यंत रेंगाळायचं.
कोळशाचा कण दिसला तर कुणीतरी राब भाजला होता,
आणि वारा खालून वर होता.
तीनशे कण मोजायचे असतात.
दोनशे ऐंशीला मान धरते.

मग तारखा आल्या.
वरून एकोणीस सेंटिमीटरपर्यंत जेमतेम पन्नास वर्षं.
विसाव्याला एकदम आठशे चाळीस, आजपूर्वी.
मधलं काहीच नाही.
नमुना पुन्हा पाठवला, पुन्हा पैसे भरले.
उत्तर तेच आलं, फक्त आठशे पस्तीस.

गेले विचारायला.
हिरामण बैलाच्या खुराला तेल लावत होता.
आजपूर्वी म्हंजे? आज कवाचा?
म्हटलं, आमच्या शास्त्रात आज म्हणजे एकोणीसशे पन्नास.
तो हसला. मंग मी जल्मलोच नाय की अजून.

आणि हसता हसताच म्हणाला,
ताई, बहात्तरला हितं दुष्काळी काम निघालं व्हतं.
तळं कोरडं ठक्क. आई पाटीवर.
मी सुकडीच्या रांगेत.
गाळ उपसला, पार त्या वरच्या वावरापोत नेऊन टाकला.
दुसऱ्या साली नागली माझ्या गळ्याला लागली.

कुठलं वावर?
त्यानं हात लांब केला. हे, त्याच्या पलीकडचं,
आन् शाळेचा संडास बांधलाय ती जागा.

पिशवी घेऊन वावरात उभी राहिले.
इथे थर नाहीत. पन्नास वर्षं नांगर
खालचं वर करतोय, वरचं खाली.
पाऊस न आलेली सालं, फार आलेली सालं,
जांभळं कधी कमी झाली ते साल,
सगळं एका ढेकळात. फोडलं, तर गांडूळ निघालं.
पिशवी रिकामीच घडी घालून खिशात ठेवली.

निघताना भाकरी दिली. काळपट, जाड, कडेला फुटलेली.
मी खाल्ली. दाताखाली थोडी कचकच लागली.

तक्त्यात एकोणीसच्या पुढे रेघ तुटते.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं,
गाळ काढला, १९७२, झिमाबाई लहांगे आणि इतर.
सरांनी नाव खोडलं, समासात लिहिलं: अनावश्यक.
दुसऱ्या खर्ड्यात पुन्हा घातलंय.
अजून त्यांनी वाचलेला नाही.