मानधनाचा अर्ज

रकाना पहिला, नाव.
मावशी म्हणाली, कुठलं लिहितेस?
घरातलं, रिबका एलिझर आवासकर,
की दादरच्या स्टुडिओत मुनीमजींनी
बशीतला चहा फुंकता फुंकता दिलेलं,
कुमारी ज्योत्स्नाराणी?

केलेल्या भूमिका. जागा दीड इंच.
नायिकेची मैत्रीण, अकरा वेळा.
झोपाळ्याला झोका देणारी, चिठ्ठी पोचवणारी,
गाणं सुरू झालं की झाडाआड होणारी.
नर्स चार वेळा, त्यात एकदा नुसतंच ‘मुबारक हो’.
एकतिसाव्या वर्षी आई.
केसांना खडूची पूड,
आणि मुलगा झालेला नट तिच्याहून तीन वर्षांनी थोरला.
‘पाया पडताना गुडघे कटकन वाजायचे गं त्याचे!’
हे सांगताना ती अजून हसते,
कवळी वाटीत असली तरी.

मग कंपनीची गाडी येईनाशी झाली.
तरी महिनाभर ती सकाळी सातला
साडी नेसून भायखळ्याच्या नाक्यावर उभी,
शेजाऱ्यांना दिसावं म्हणून.

मग वरळीला टीव्ही आला.
शुक्रवारचं नाटक थेट जायचं,
चूक झाली तर चूकसुद्धा घरोघर जायची.
मेकअपच्या आरशापुढे शाब्बाथचा दिवा लावून
ती आलवण नेसली, कोकणातली विधवा झाली,
आणि तिसऱ्या प्रवेशात अडली.
वाक्यच आठवेना.
कॅमेऱ्याकडे बघत राहिली.
आमच्या चाळीत एकच सेट, बर्व्यांकडे.
त्या खोलीत आम्ही बत्तीस जण,
कुणी खोकलंसुद्धा नाही.
बर्वेकाकू पुटपुटल्या,
‘काय दुःख गिळलंय हो बाईनं!’

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानं
कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत.

पुरावा सोबत जोडावा.
वरळीला फोन केला. पलीकडच्या बाई सभ्य होत्या.
टेप महाग असायच्या तेव्हा,
पुसून पुन्हा वापरायचे.
तुमच्या तारखेच्या टेपवर, थांबा हं,
भुईमुगावरची कीड, भाग दोन.

मावशीला सांगितलं.
तिनं विचारलं,
‘मग भुईमूग तरी आला का चांगला?’

सही राहिली होती.
तिनं पेन घेतलं, मान थोडी डावीकडे वळवली
(उजवी बाजू तिची कधीच चांगली येत नसे)
आणि थांबली.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती काही सुरू होत नव्हती.
मी कागद धरून ठेवला.

‘कुठलं नाव म्हणालीस?’