कडेपर्यंत लोणी

गावाचं नाव राहे.
नाव तेवढं राहतं,
पोरं शाळा संपली की दक्षिणेची बस धरतात.
मी पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवतो, सव्वीस वर्षं झाली,
आणि त्यातली बारा वर्षं पहाटे पाचला
साइमीचं सँडविच करतोय.

शाळेत जेवण फुकट असतं, ते खरं.
पण बस पाऊण तास घेते
आणि भूक काही थांब्यावर उतरत नाही.

राईचा पाव, काळा, आंबूस,
दाबला तर उलट आपल्यालाच दाबेल असा.
लोणी मऊ हवं, आणि कडेपर्यंत जायला हवं.
मधोमध ढीग घालून हात झटकणारी माणसं
मला इतर कामांतही चालत नाहीत.
लोणी म्हणजे छपराचं डांबर,
ते नीट असलं की काकडीचं पाणी पावात गळत नाही.
काकडीला आधी मीठ लावून तासभर रडू द्यायचं,
मग फडक्यात पिळायचं.
वर अंड्याच्या चकत्या, शेपूची एक काडी.
महिनाअखेर असली तर
अंड्याच्या जागी थोडं जास्त शेपू.
कागदाची घडी. त्यावर नाव कधी घातलं नाही.
असली घडी दुसऱ्या कुणाची असणार?

मे महिन्यात निकाल लागला.
साइमी गणितात गेली.
स्वयंपाकघराच्या दारात, बूटही न काढता म्हणाली,
‘पांढरी टोपी परत पाठवा.
आणि तो सँडविचचा केक नको.’
फ्रीजरमध्ये दोन किलो कोळंबी होती.
चाळीस माणसांना आमंत्रणं गेली होती, ती पिर्कोनं
रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत,
इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून
एकेक फोन करून परत घेतली.
मी काही बोललो नाही.
आमच्याकडे त्यालाही बोलणंच समजतात.

मंगळवारी रात्री (रात्र म्हणायची, अंधार कसला यायला)
मी पांढऱ्या पावाच्या कडा कापल्या.
एक थर पाव, त्यावर माशाच्या रश्श्याचे चार शिंतोडे,
कोरडा पाव पाहुण्याच्या घशात भांडतो.
मग धुरावलेला मासा मलईच्या चीजमध्ये कालवून,
पुन्हा पाव, मग अंडं, मग पाव,
मग काकडी.
प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर पाटी ठेवली.
रात्रभर वजन लागतं, नाहीतर कापताना थर एकमेकांना सोडून जातात.
पाटीवर ठेवायला जड असं काही मिळेना.
तिचं गणिताचं पुस्तक मिळालं.

बुधवारी बाहेरून चीज सारवलं,
भिंत सारवतात तसं, सुरी गरम पाण्यात बुडवत बुडवत.
कोळंबी, मुळ्याच्या चकत्या. थोडं जास्तच झालं.
साइमी आली. ‘आज काय आहे?’
‘बुधवार.’

कुणाला बोलावलं नव्हतं.
खालच्या मजल्यावरची हिल्प्पा वास घेत आली,
पाकीट घेऊन आली होती, आमचे चेहरे बघून
ते कोटाच्या खिशात परत घातलं
आणि तीन तुकडे खाल्ले.
क्रेनवरचा माझा जोडीदार उओलेवी
हेल्मेट मांडीवर घेऊन खात बसला,
आणि मासा कुठल्या दुकानातला, एवढंच विचारलं.
पिर्को युनिफॉर्मवरच झोपेतून उठून आली.
साइमीनं पहिला घास बराच वेळ चावला.
‘काकडी नीट पिळली नाहीस,’ म्हणाली.
खरं होतं. तासभर थांबलो नव्हतो.

गुरुवारी पहाटे पाच.
कापलेल्या कडा पिशवीत होत्या,
त्यांना लोणी लावून उभ्यानंच खाल्ल्या.
सप्टेंबरात परीक्षा पुन्हा आहे.
पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पाटीचा ओला गोल उमटलाय,
पुसून जात नाही.
ती ते उघडून बसली आहे, पाय खुर्चीवर घेऊन,
आणि मी काकडीला मीठ लावून
घड्याळाकडे बघतोय.