पट्टा

बिपिनभाईंनी मला ठेवलं ते माझ्या आडनावासाठी.
"दांडिया बाजारचं गिऱ्हाईक आलं की तू ऊठ, शितोळे," म्हणाले,
"तारी भाषामां वात कर."
तेव्हापासून अकरा वर्षं
समा-सावली रस्त्यावरच्या या पत्र्याखाली
मराठी हे माझं कमिशन आहे.

नमस्कार म्हटलं की माणसं अर्धी सैल होतात.
मूळ कुठले तुम्ही? अहो, मग आमचे पाहुणेच निघालात!
आणि लगेच तो प्रश्न, बॉनेट उघडायच्याही आधी :
आपला माणूस म्हणून विचारतो,
गाडी खरंच चांगली आहे ना?

काय सांगू.
चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरचे
बेचाळीस झालेले मी पाहिलेत एका दुपारी.
इलियास कानावर पेन्सिल खोचून मीटर उघडून बसला होता,
चहा निवायच्या आत गाडी पाच वर्षांनी तरुण.
पेडलचं रबर मात्र खोटं बोलत नाही.
ते झिजतं ते झिजतं.
(आम्ही तेही नवीन बसवतो.)

गाडी आली की पहिलं काम माझं : खण रिकामा करणं.
बडीशेपेची पुडी, पेट्रोलच्या पावत्या,
दात पडलेला कंगवा,
एकदा कुणा बाळाचा एकच मोजा, डावा की उजवा कळेना.
तो मी आठवडाभर टेबलावर ठेवला होता. कुणी आलं नाही.
कॅनडाला निघालेल्यांच्या गाडीत काही सापडत नाही,
ते सगळं आवरून जातात.
फक्त मागच्या काचेवर
खरवडलेल्या स्टिकरची जागा,
गणपतीच्या आकाराची.

पूर येऊन गेला त्या वर्षी
स्वस्त गाड्या आल्या. फार स्वस्त.
विश्वामित्री तीन दिवस
सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मुक्कामाला होती,
एका गेटपाशी तिची मगरही.
आम्ही गालिचे उन्हात टाकले, सीटा सोडवल्या,
वास मारायला कॉफीची पूड पेरली.
त्यातली एक पांढरी, छोटी, आता चकचकीत.
"आने पहेलां काढ," बिपिनभाई म्हणाले.

वनिता निंबाळकर आल्या त्या शनिवारी.
घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवतात.
स्कूटरवर स्वतःची पाठ गेली, म्हणून गाडी.
पैसे त्यांनी पर्सवर हात ठेवून मोजले, न उघडता.
"शितोळे, आपला माणूस म्हणून..."

बिपिनभाई केबिनच्या काचेआडून बघत होते.
मी दार उघडलं. बसा म्हटलं.
सीटबेल्ट धरला आणि ओढला.
लोक वीतभर ओढतात, फार तर छातीपर्यंत.
मी ओढत गेलो,
नव्या साडीची घडी मोडून पदर शोधावा तसा,
अगदी शेवटपर्यंत, जिथे पुसायला कुणाचाच हात जात नाही.
माझाही गेला नव्हता.
तिथे ती रेघ होती. तपकिरी, सरळ,
वहीत मारतात तशी समासाची.

त्यांनी रेघ पाहिली. मग मला.
मग माझ्या खांद्यावरून केबिनच्या काचेकडे.
"रंग नाही आवडला हो," मोठ्याने म्हणाल्या,
"पांढरी नको. मळते फार."

दिवाळीच्या चार दिवस आधी ती गाडी गेली.
दाहोदचे भूपतभाई, सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी.
तिने स्टिअरिंगला झेंडूचं एक फूल
रबरबँडने बांधलं.
सगळं बोलणं गुजरातीत झालं,
मला कुणी आपला माणूस म्हटलं नाही.
बेल्ट मी ओढला. छातीपर्यंत.
बघ, कसा लागतो, मुलीला सांगितलं,
आणि
क्लिक.