उजवा पाय आधी

न्हाणीच्या दाराशी मी उभी असते,
पाठ करून, खांद्यावर टॉवेल.
आत अल्लाचं नाव घ्यायचं नसतं,
म्हणून आत फक्त पाणी बोलतं.
हल्ली तेही अडखळत.

अब्बा बत्तीस वर्षं वाळपई-म्हापसा गाडीवर कंडक्टर.
होंड्यापासून दाबून धरलेलं
डिचोलीच्या स्टँडवर मोकळं करायचे
आणि चिल्लरची बॅग सावरत परत येताना
ओठांत काही पुटपुटायचे.
मी सातवीत, पुढच्या खिडकीशी.
लाज वाटायची.
भाताचे आभार, समजतं. पाण्याचे, समजतं.
ह्याचेसुद्धा?
"आत गेलेलं सगळेच मोजतात गो," म्हणाले,
आणि तिकिटं फाडायला मागे निघून गेले.

फेब्रुवारीत, काजू मोहरला होता तेव्हा,
त्यांच्या डोक्यातली एक शीर फुटली.
बांबोळीहून घरी आणले,
तर उजवा पाय सोबत होता, पण पाहुण्यासारखा.
शब्द गेले. चमचा गेला, चादर गेली,
अम्मीचं नाव, जे तिच्यामागे चार वर्षं टिकलं होतं,
तेही गेलं.
उरले थांबे.
होंडा, साखळी, डिचोली, अस्नोडा.
माझं नाव तहसीन.
ते मला साखळी म्हणतात.
मी ओ देते.

फिजिओवाली सेल्मा सांगून थकली:
उंबऱ्यावर धड पाय आधी, अंकल, धड पाय!
अब्बा ऐकतात, मान डोलावतात,
आणि डाव्या हातानं लुंगीसकट गुडघा धरून
तोच, मेलेला, उजवा, उचलून
बाहेर ठेवतात.
आत जाताना डावा, येताना उजवा.
एवढ्यात माझा जीव चारदा पडतो.

मग ती जीभ,
जिला सकाळपासून "चहा" जमलेला नसतो,
म्हणते, "गुफ्रानक."
एक अक्षर मोडत नाही.
आणि पुढचं लांबलचकही, अरबीतलं, सरळ:
ज्यानं माझ्यातली पीडा काढून नेली
आणि मला धड ठेवलं, त्याची स्तुती.
डॉक्टर म्हणतात, पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात राहतं.
असेल.
मी त्या पायाकडे बघते,
"धड" ह्या शब्दाकडे बघते,
आणि टॉवेल पुढे करते.

काल आत शिंकले.
शिंकेचे आभार बाहेर येईपर्यंत थोपवावे लागतात.
मी माझं उत्तर तयार ठेवून
भिंतीवरची पाल बघत राहिले.
पाणी थांबलं. खूप वेळ काहीच नाही.
कडीवर माझा हात गेला होता,
तेवढ्यात गुडघा आला, पाऊल आलं.
आधी नेहमीचं, मग शिंकेचं,
दोन्ही हिशेब चुकते.
"यर्हमुकल्लाह," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
शोधलं, सापडलं नाही.
मग डाव्या मुठीनं दाराच्या चौकटीवर
दोनदा ठोकलं,
गाडी भरली, उभे राहू नका,
चला.