तपासलं : सही

मोडीच्या कोर्सच्या चौथ्या आठवड्यात
पडद्यावर चौकट आली:
स्वतःला गुण द्या. चारपैकी.
कारण लिहा, किमान वीस शब्द.
त्याशिवाय नमुना उत्तर उघडणार नाही.

रात्रीचे पावणेअकरा. दांडिया बाजारात
समोरच्या फरसाणवाल्यानं शटर ओढलं.

मी मकरपुऱ्यात, औषधांच्या कारखान्यात
पावडरी तोलते. सव्वीस वर्षं.
रोज सकाळी आधी काटाच तपासायचा,
प्रमाणवजन चिमट्यानं उचलायचं,
बोटाचा घामसुद्धा वजनात येतो,
काचेचं दार लावायचं
आणि आकडा थांबेपर्यंत आपणही जरा थांबायचं.
मग वहीत दोन रकाने:
‘केलं’ खाली माझी सही,
‘तपासलं’ खाली परमारभाईंची.
दोन्ही सह्या एकाच माणसाच्या सापडल्या
तर नोकरी जाते.
एकदा एकाची गेली. चांगला मुलगा होता,
घाईत होता.

आणि इथं कोणी एक बाई, पुण्याहून,
हसऱ्या आवाजात म्हणते, दोन्ही तुम्हीच करा.

शाळेत वह्या बदलून तपासायचो.
शेजारची उषा खानविलकर माझ्या चुकांवर
लाल पेन्सिल इतकी दाबायची
की मागच्या पानावर वळ उठायचे.
तिचं मला कधी वाईट वाटलं नाही.
मी तिचे दोन गुण जास्त लिहायचे,
ते मात्र अजून आठवतात.

आडनाव पोतनीस, आणि मोडी येत नाही,
एवढ्यासाठी पैसे भरले.
बाराशे. घरात आठशे सांगितले.

गृहपाठाला एका कोठीचा जमाखर्च होता.
तांदूळ, हरभरा, वाती, गूळ.
लेखणी न उचलता लिहीत गेलेला कोणी कारकून,
ओळीखालून ओळ, जणू दम लागलाय त्याला.
मी वाचत गेले. शेवटून तिसऱ्या ओळीत
शाई फुटलेली, तिथं लिहिलं:
तूप सव्वा शेर.
पुढचे दोन शब्द लागेनात,
टिंबं देऊन सोडले.
कोठीत तूप असायचंच.
आमच्याकडे म्हणतात ना, चालशे.

तर, चारपैकी.
तीन द्यावेत. तीन दिसायलाही बरे दिसतात,
चार म्हणजे मिजास, दोन म्हणजे
समोरच्यानं ‘अहो, असं काय’ म्हणावं म्हणून दिलेले.
तिनावर बोट नेलं
आणि उगाच पान पुन्हा मोठं करून पाहिलं,
सवय. आकडा थांबलाय का ते बघायची.

टिंबांच्या जागी, आता, अगदी सरळ:
माझे हातून.

तूप सव्वा शेर माझे हातून?
हे काही वाक्य झालं नाही.
पुन्हा मागे गेले. फुटलेल्या शाईत
ती प ची गाठ नव्हतीच.
तूट.
तूट सव्वा शेर, माझे हातून.

कोणी विचारलं नसेल त्याला.
सव्वा शेर उंदरांच्या नावावर खपला असता,
ओलीच्या नावावर, वाहतुकीच्या.
‘तपासलं’चा रकाना त्या पानावर नव्हता.
आणि मी एवढ्या वर्षांनी येऊन
त्याच्या तुटीचं तूप केलं होतं.

उत्तर आता बदलता येत नव्हतं, कुलूप लागलेलं.
गुण तेवढे माझ्या हातात.
मी दोन दिले.
मग वाटलं, एवढं कळल्याबद्दल अर्धा वाढवावा का?
अर्ध्याची सोय नव्हती.

कारणाच्या चौकटीत लिहिलं:
तूट एक शब्द, माझे हातून.

लाल अक्षरं उगवली:
अजून पंधरा शब्द हवेत.

बसले आहे.
परमारभाई आता झोपले असतील.