गूळ, खिळे, पाणी

निपाणीत, तंबाखूच्या वखारीत मी हिशेब लिहितो.
सहाला वही मिटते, आठला जेवण,
मग गॅलरीत, वाळत्या धुण्याखाली,
पाटावर पसरतो चामड्याचा तुकडा.
कडेला काट्याचा जुना ओरखडा:
म्हणजे ही म्हैस कधीतरी बाभळीला अंग घासून गेलेली,
आणि मेल्यावर
बाभळीच्याच सालीत मुरलेली.

पहिलं पाकीट वाकडं झालं. दुसरंही.
तिसऱ्याचे टाके सरळ आले, पण आत नोट मावेना.
बायको म्हणाली, बरंच की,
खर्च वाचला.

काळ्या रंगासाठी अथणीला गेलो,
चिकोडीत गाडी बदलून, गल्लीत विचारत विचारत.
तंगेव्वा होनकांबळे दारात बसून
चपलेची वेणी घालत होती.
वर न बघताच म्हणाली,
मडक्यात गूळ टाक, गंजके खिळे टाक, पाणी.
पंधरा दिवस झाकण काढू नको.
घरात भांडण झालं तरी काढू नको.

मग म्हणाली, दुकान कुठं तुझं?
दुकान नाही, नोकरी आहे. हा आपला छंद.
‘छंद?’
तिनं पहिल्यांदा मान वर केली,
माझं पाकीट घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला.
‘छंद ऐती,’ म्हणाली. छान आहे.
मला जरा वेळ लागला कळायला
की तिच्या कन्नडात तो शब्द वस्तूला लागतो,
आमच्यात माणसाला.

सोळाव्या दिवशी झाकण काढलं.
वास असा, की खालच्या मजल्यावरचे मगदूम
रुमाल धरून वर आले.
बोळा बुडवून पहिला हात दिला:
नुसतं पिवळट पाणी, रंग कुठंच नाही.
मी बोळा खाली ठेवतोय तोवर
हिरडा प्यालेलं ते कातडं
आतून काळं होत वर आलं.
बोटंही.

दुसऱ्या दिवशी वखारीत शेठ म्हणाले,
काय ओ हुद्दार, दौत सांडली काय?
मी हो म्हटलं.
हे एवढंच कुठंतरी लिहून ठेवायचं होतं.
मी हो म्हटलं.
शाईनं काळे झालेले हात
कुणी धुवायला सांगत नाही.

स्टँडसमोर, मित्राच्या वह्या-पेनांच्या दुकानात,
काचेमागं पाच पाकिटं मांडली.
हातशिलाई. साडेसहाशे.
तंगेव्वाला व्यापारी जोडामागं काय देतो
ते मी विचारलं होतं, तिनं सांगितलंही.
तो आकडा इथं लिहीत नाही.
हिशेबनीस असून.

एक गेलं. हुक्केरीच्या कंडक्टरनं चारशेला मागितलं,
पाचशेला नेलं, वास घेऊन बघितला,
खूश झाला.
आठवड्यात परत. खाकी खिशावर
तळहाताएवढा काळा डाग.
मी पैसे दिले, चहा पाजला, शर्टाचंही विचारलं.
तो म्हणाला, शर्ट सरकारचा आहे,
पण धुणं आईचं आहे.

फोन लावला. तिकडं हातोडी चाललेली.
‘चुन्याच्या निवळीतनं काढलास काय?’
नाही.
‘तेल पाजलास?’
थोडं.
‘मग रंग पोटात गेलाच न्हाई बघ,
अंगावरच बसला.’
आणि हातोडी पुन्हा.

आता ते पाकीट मीच वापरतो.
नोटांच्या कडा काळ्या होतात, बँकेतली बाई कुरकुरते.
काल शेठना सुटे दिले.
त्यांनी नोट उलटी करून पाहिली,
मग माझी बोटं.
पुन्हा शाई?

नाही, म्हटलं. गूळ, खिळे, पाणी.
पाकिटं करतो मी, चामड्याची.

ते काही बोलले नाहीत.
नोट गल्ल्यात टाकली, की बाजूला ठेवली,
ते मी बघितलं नाही.
चुना तेवढा राहिला, म्हटलं,
पुढच्या खेपेला घालतो.